सायकलीवरचा यात्रेकरू वेलोसिओ

सायकलीला कॅरियर असावा की नसावा, हा वाद घालण्याजोगा प्रश्न आहे असे आपल्याकडे सहसा कोणाला वाटणार नाही. गवळ्याच्या दुधाच्या किटल्या, मास्तरांच्या वह्यांचे गठ्ठे, दळणाचे डबे आणि प्रसंगी बाजाची पेटीसुद्धा ज्या वाहनाने निमूटपणे वाहिली, त्याच्या पाठीवर ओझे असणे हा कमीपणा कसा होईल? पण ज्या युरोपात सायकल घडली, तेथे याच गोष्टीवरून शंभराहून अधिक वर्षे दोन पक्ष आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, खरी सायकल ती शर्यतीची. तिला मडगार्ड नको, दिवा नको, पिशवी नको. जितकी उघडी तितकी ती सुंदर. दुसरा पक्ष म्हणतो की, सायकल हे माणसाला दूर नेण्याचे साधन आहे, आणि दूर जाणारा माणूस शिदोरी बरोबर घेऊनच निघतो. फॅशनचा काटा या दोन पक्षांमध्ये सारखा हलत राहिला आहे. या दुसऱ्या पक्षाचे मूळपुरुष म्हणून ज्यांचे नाव घेतात, ते फ्रेंच गृहस्थ पॉल द विवी. ते 'वेलोसिओ' या टोपणनावाने लिहीत, आणि सायकलींच्या दुनियेत आजही त्याच नावाने ओळखले जातात.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात, पेर्न या गावी झाला. त्या भागात वान्तू नावाचा एकटा, उघडाबोडका पर्वत मैदानातून सरळ वर उठलेला दिसतो. पुढे विवी त्याच पर्वतावर सायकलीने चढत राहिले. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांची गोडी त्यांना तरुणपणीच लागली आणि ती आयुष्यभर सुटली नाही. पोटासाठी मात्र त्यांनी रेशमाचा व्यापार पत्करला. उमेदवारी केली, स्वतःची पेढी काढली, तिशीच्या आत ती स्थिरस्थावर केली. संसार झाला, तीन मुले झाली. येथपर्यंतचे चरित्र कोणत्याही सुखवस्तू व्यापाऱ्याचे असते तसेच आहे.

१८८१ साली त्यांनी पहिली सायकल घेतली. ती त्या काळची उंच चाकाची. पुढचे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे, मागचे लहानसे, आणि बसायची जागा पुढच्या चाकाच्या माथ्यावर. तोल गेला की माणूस तोंडावरच पडायचा. अशा यंत्रावरून सहा तासांत शंभर किलोमीटर जाऊन दाखव, अशी पैज एका मित्राने लावली आणि विवी डोंगरातल्या ला शेझ-द्यू या गावापर्यंत गेले, असे सांगतात. पैजेचे काय झाले याला महत्त्व नाही. त्या वाटेवरचे डोंगर, अरण्ये आणि उघडे आकाश पाहून या रेशमाच्या व्यापाऱ्याचे मन पेढीवरून उडाले ते उडालेच. नवी नवी यंत्रे पाहण्यासाठी ते इंग्लंडातल्या कव्हेंट्री शहराशी संबंध ठेवू लागले. दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल १८८५ साली तेथेच जॉन केम्प स्टार्ली यांनी बाजारात आणली होती. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच.

१८८७ साली त्यांनी रेशमाचा धंदा विकून टाकला आणि सँतेत्येन शहरात सायकलींचे दुकान थाटले. त्याच वर्षी एक मासिकही सुरू केले. ते पुढे 'ल सिक्लिस्त' या नावाने प्रसिद्ध झाले. चौतीस वर्षांचा, तीन मुलांचा बाप असलेला माणूस चालता धंदा विकून छापखान्याच्या आणि लोखंडाच्या नादी लागतो, हे आप्तेष्टांना कसे वाटले असेल, याची कल्पना आपल्याला सहज करता येईल. कलेच्या नादापायी नोकरी सोडणारी माणसे आपल्याही घराण्यांतून निघाली आहेत.

सँतेत्येन हे शहर त्यांना लाभले, असे म्हणावे लागेल. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि फिती विणणारे माग यांचे हे कष्टकरी गाव. बंदुकीची नळी घडवणाऱ्या हाताला सायकलीची नळी अवघड नव्हती, त्यामुळे थोड्याच काळात ते फ्रान्समधील सायकलधंद्याचे एक मुख्य केंद्र बनले. शिवाय गावाच्या वेशीवरच घाट लागतो. कोल द ला रेपुब्लिक ही खिंड समुद्रसपाटीपासून १,१६१ मीटर उंच. शहरातून तिथवर बारा-तेरा किलोमीटरच्या अंतरात सहाशे मीटरांहून अधिक चढ. सपाट गावात राहिले असते, तर विवींना कदाचित जन्मभर एकाच गियरवर समाधान वाटले असते.

याच घाटातली एक गोष्ट त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. विवी आपल्या सायकलीवर जिवाच्या आकांताने चढत असता त्यांच्याच मासिकाचा एक तरुण वाचक तोंडात पाइप धरून, सावकाश धूर सोडीत, त्यांच्या पुढे निघून गेला. दुसरा एखादा असता तर त्याने दंडबैठका वाढवल्या असत्या. विवींनी यंत्राचा विचार सुरू केला.

विचार काय होता तो थोडा उलगडून सांगायला हवा. सायकलीच्या पायंडलाजवळच्या दातेरी चक्राला समजा ४५ दाते आहेत आणि मागच्या चाकाजवळच्या चक्राला १५. तर पायंडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर धरला, तर एका फेऱ्यात सायकल ६.३ मीटर पुढे जाते. सपाटीला हे उत्तम. पण चढावर प्रत्येक फेऱ्याला एवढे अंतर उचलायचे म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. तेच पुढे-मागे ३० दाते केले, तर एका फेऱ्यात २.१ मीटरच जाल, पण कुठलाही चढ हसत चढाल. मग उतारावर मात्र पाय भिरभिरत राहतील आणि सायकल पुढे सरकणार नाही. एका माणसाला एकाच प्रवासात दोन्ही हवीत, ही खरी अडचण.

आम्हां गाणे शिकवणाऱ्यांना ही अडचण समजायला वेळ लागत नाही. शिष्य समोर बसला की पहिला प्रश्न पट्टी कोणती, हा असतो. काळी दोनमध्ये ज्याचा गळा मोकळा लागतो, त्याने केवळ मोठेपणासाठी पांढरी पाचचा हट्ट धरला, तर तार षड्जाला त्याच्या कपाळाच्या शिरा दिसतात आणि ऐकणाऱ्याला राग दिसत नाही. पट्टी बदलणे हा दुबळेपणा नाही, हे नव्या मुलाला पटवताना आमचे निम्मे वर्ष जाते. विवींचे पटवण्यात आयुष्य गेले.

प्रथम त्यांनी पुढे एकाऐवजी दोन दातेरी चक्रे बसवली. घाट आला की उतरायचे, तेलकट साखळी हाताने उचलून लहान चक्रावर घालायची, आणि पुन्हा बसायचे. मग डाव्या बाजूलाही चक्रे आणि दुसरी साखळी घालून आणखी गियर मिळवले. इंग्लंडातील 'व्हिपेट' नावाच्या सायकलीत पुढचे चक्रच दुभंगून लहानमोठे होई; १९०१ साली त्यांनी त्या युक्तीची आपल्या युक्तीशी सांगड घातली. त्या वर्षांत सँतेत्येनला अशा खटपटींना ऊत आला होता. पायंडल उलटे मारले की हलका गियर लागावा, अशीही सायकल तेथील एका मोठ्या कारखान्याने विकली. अखेरीस टिकली ती साखळीलाच चालता चालता एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलण्याची पद्धत. तिला फ्रेंचांनी नाव दिले 'देरायर', म्हणजे रुळांवरून घसरवणारा. आगगाडी रुळांवरून घसरणे हा अपघात, आणि साखळी घसरवणे ही सोय! सँतेत्येनच्याच जोआनी पानेल यांनी 'शमिनो' नावाचा असा देरायर बनवला आणि १९१२ च्या तूर द फ्रान्स शर्यतीत तो लावून उतरले.

हे सगळे विवींनी एकट्याने शोधून काढले, असे सांगणारे लेख आढळतात. ते अतिशयोक्तीचे आहेत. विवींचे काम वेगळे होते आणि माझ्या मते अधिक मोलाचे होते. आलेले प्रत्येक यंत्र ते स्वतः शेकडो किलोमीटर चालवीत, गुण आणि दोष दोन्ही मासिकात मांडीत, वाचकांची पत्रे छापीत, त्यांच्याशी वाद घालीत. हाताखाली चालवणाऱ्यांची एक मंडळीच तयार झाली, आणि तिला 'सँतेत्येनचे घराणे' असे नाव पडले. घराणे हा माझा शब्द. फ्रेंचांनी शाळा म्हटले आहे, पण अर्थ तोच.

त्यांचा पाहिजे तेवढा उपहासही झाला. १९०२ साली फ्रान्सच्या तुरिंग क्लबाने पिरिनीज पर्वतात प्रवासी सायकलींची कसोटी ठेवली. त्या वेळी मार्त एस नावाच्या बाईंनी गियरच्या सायकलीवरून तूर्मालेचा दोन हजार मीटरांहून उंच घाट पाय न टेकता चढून दाखवला. एवढा पुरावा कोणाही न्यायाधीशाला पुरला असता. पण आंरी देग्रांज यांना तो पुरला नाही. हे देग्रांज क्रीडावृत्तपत्राचे संपादक; पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, त्यांनी तूर द फ्रान्स सुरू केली. त्यांचे मत थोडक्यात असे, की गियर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. जवानाने यंत्राच्या कुबड्यांनी जिंकण्यापेक्षा स्नायूंच्या बळावर जिंकावे. देग्रांज अगदीच चुकीचे होते असे मला म्हणवत नाही. त्यांना माणसाचा कस पाहायचा होता, आणि कस पाहायचा तर सोयी काढून घ्याव्या लागतात. गफलत पुढे झाली. शर्यतीचा नियम हाच सर्वसामान्यांचा आदर्श ठरला. रोज दहा मैलांवर कामाला जाणाराही शर्यतवाल्यासारखी सायकल मागू लागला, आणि ज्याच्या सायकलीला पिशव्या व हलका गियर तो म्हातारा, असा समज रुजला.

गमतीची गोष्ट अशी की, त्या काळचे शर्यतवाले स्वतः काही रिकाम्या अंगाने जात नसत. वाटेत दुसऱ्याची मदत घ्यायला बंदी होती, म्हणून सुटे टायर खांद्यांवरून इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळलेले, शिवाय पंप आणि हत्यारे. घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढायचे आणि उलटे बसवायचे, कारण त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी दातेरी चक्रे असत. ओझेही होते, गियरही होता. फक्त दोन्ही गैरसोयीचे होते.

विवींच्या सायकलींवर ओझे राजरोस असे. रात्री सँतेत्येनहून निघायचे, अंधारात घाट ओलांडायचा, पहाटे ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उतरायचे आणि दुपारपर्यंत प्रोव्हान्सच्या उन्हात पोचायचे, हा त्यांचा आवडता क्रम. घाटमाथ्यावर बर्फ आणि खाली बदाम फुललेले, अशा प्रवासाला एकाच पोशाखाने भागत नाही. लोकरी अंगरखा, पावसाचे पांघरूण, फळे आणि पाव, दिवा, दुरुस्तीची हत्यारे, हे सारे बरोबर हवे. ते पाठीवर बांधले तर पाठ भिजते आणि तोल वर जातो. म्हणून ओझे माणसाने नव्हे, यंत्राने वाहायचे. कुठे वाहायचे यावरही पुढे मतांतरे झाली. इंग्रज मंडळींनी जाड सुती कापडाची पिशवी सीटच्या मागे आडवी टांगली. लँकशरमधील कॅरेडाइस यांच्या पिशव्या १९३२ पासून आजतागायत त्याच धर्तीच्या निघतात. फ्रेंचांनी पुढच्या चाकावर लहानशी जाळी बसवून तिच्यावर चौकोनी पिशवी ठेवली, म्हणजे चालता चालता नकाशा पाहता यावा आणि खायला काढता यावे. त्यासाठी पुढच्या दांड्याचा बाकसुद्धा बदलला, कारण पुढे वजन आले की हँडल जड होते. चाकाच्या दोन्ही अंगांना खाली पिशव्या सोडण्याची तिसरी तऱ्हा मात्र आपल्या गवळ्याला कोणी शिकवावी लागली नाही. दोन किटल्या सारख्या भराव्यात आणि शक्य तितक्या खाली टांगाव्यात, हे तो कुठलेही मासिक न वाचता जाणतो.

टायरांच्या बाबतीतही विवी फॅशनच्या विरुद्ध गेले. बारीक, कडक टायर म्हणजे वेग, अशी समजूत तेव्हाही होती. विवींनी पन्नास आणि साठ सेंटिमीटरच्या लहान चाकांवर बेचाळीस मिलिमीटर रुंदीचे जाड टायर चालवून पाहिले, आणि मोठ्या चाकांपेक्षा ती कुठेही कमी पडत नाहीत असा निर्वाळा दिला. खडबडीत रस्त्यावर अंगाला बसणारे हादरे हीसुद्धा वाया जाणारी शक्तीच, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. ही गोष्ट पहिल्या महायुद्धापूर्वीची.

राहणी साधी आणि बरीचशी कडक. मांस सोडले, तंबाखू सोडली. पहाटे उठून ग्रीक वाचायचे, मग दिवसाचे काम. जगाची एक भाषा असावी म्हणून एस्पेरांतोचा पुरस्कार. प्रवाशांसाठी त्यांनी सात नियम घालून दिले, ते फ्रान्समधले सायकलवाले अजून एकमेकांना ऐकवतात. थांबे थोडे आणि अल्प असावेत. भूक लागण्याआधी थोडे खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे. भूक आणि झोप उडेल इतके दमू नये. थंडी वाजण्यापूर्वी अंगावर घ्यावे आणि उकडण्यापूर्वी काढावे. वाटेत दारू, मांस, तंबाखू वर्ज्य करावी. आपल्या ताकदीच्या आत राहावे, विशेषतः पहिल्या काही तासांत. आणि ऐट मिरवण्यासाठी पायंडल कधीही मारू नये. पाचवा नियम आपल्याकडे अनेक घरांत आयताच पाळला जातो. सहावा आणि सातवा मी गाण्याच्या वर्गात भिंतीवर लावावे म्हणतो. मैफलीच्या पहिल्या अर्ध्या तासात सगळा दम उधळणारे गवई आपण पाहिलेच आहेत.

इतरांना ऐट सोडायला सांगणारा हा माणूस स्वतः हट्टी होता, हेही सांगायला हवे. नव्या यंत्राचा त्याला इतका मोह की आज एका पद्धतीची तरफदारी, काही वर्षांनी दुसरीची. त्याच्या दमाने चालणे शिष्यांनाही जड जाई. रात्र रात्र न झोपता केलेल्या त्या फेऱ्या विसाव्याचे सुख देणाऱ्या होत्या असे म्हणणे कठीण आहे. पण त्यांच्याकडे येणारे लोक येतच राहिले. १९२२ पासून सँतेत्येनच्या सायकलवाल्यांनी त्यांच्या नावाने एक दिवस पाळायला सुरुवात केली. त्या दिवशी लहानथोर, स्त्रीपुरुष सगळे कोल द ला रेपुब्लिकचा घाट चढत, आणि त्यांत पांढऱ्या मिशांचे विवीही असत. ईस्टरच्या सुमारास प्रोव्हान्समध्ये भेटण्याचा प्रघातही त्यांचाच.

२७ फेब्रुवारी १९३० रोजी सँतेत्येनच्या रस्त्यावर सायकल हाताने ढकलीत जात असता, वाहनाला वाट देण्यासाठी ते मागे सरले आणि ट्रामखाली सापडले. वय शहात्तर. लाखो किलोमीटर डोंगरदऱ्यांतून सुखरूप फिरलेला माणूस आपल्याच गावच्या रस्त्यात पायी चालताना गेला.

तूर द फ्रान्समध्ये देरायरला परवानगी मिळाली ती १९३७ साली, म्हणजे त्यांच्यामागे सात वर्षांनी. तोवर देग्रांज आजारपणामुळे बाजूला झाले होते. त्याआधीच्या वर्षी फ्रान्समध्ये कामगारांना पगारी रजेचा कायदा झाला होता, आणि हजारो कुटुंबे सायकली घेऊन समुद्राकडे निघाली. विवींचा पक्ष त्या दहा-पंधरा वर्षांत जिंकल्यासारखा वाटला. पॅरिसजवळचे रने एर्स आणि आलेक्स सांझे यांसारखे कारागीर अशा सायकली घडवीत, की जाळी, मडगार्ड, दिवा आणि पिशवी या वरून लावलेल्या वस्तू न वाटता एकाच अंगाचे अवयव वाटत. नंतर मोटारी आल्या, स्कूटरी आल्या, आणि सायकल ही पुन्हा केवळ खेळाची वस्तू झाली. १९७६ साली हजारो लोक पिशव्या बांधून अमेरिका खंड आडवे पार करून गेले खरे. पण पुढच्या दशकांत दुकानांत मांडलेल्या बहुतेक रस्त्याच्या सायकलींना जाळी बसवायला भोकेसुद्धा उरली नव्हती. टायर तेवीस मिलिमीटरांवर आले. मागे भला मोठा लोंबता बटवा लावणे ही दरिद्री हौस ठरली.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काटा पुन्हा फिरला आहे. दांड्यांच्या त्रिकोणात, सीटखाली आणि हँडलवर पिशव्या बांधून कच्च्या वाटांनी फिरणे हीच आता फॅशन आहे, आणि तरुणच तिच्यात पुढे आहेत. टायर बेचाळीस मिलिमीटरचे आणि त्याहूनही जाड मिळतात. खुद्द शर्यतवाल्यांनी तेवीसचे सोडून अठ्ठावीस आणि तीस घेतले. मोजमाप करून पाहता जाड टायर हळू नाही, असे त्यांना आढळले. एका फेऱ्यात दोन मीटरांहून कमी जाणारा गियर लावण्यात आता कोणी लाजत नाही. भारतातही दोनशेपासून सहाशे किलोमीटरपर्यंतच्या, ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या फेऱ्या होतात. पुण्या-मुंबई-नाशिकची मंडळी त्यांत हौसेने उतरतात, आणि काहींनी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसची बाराशे किलोमीटरची फेरीही केली आहे.

घाटाच्या माथ्यावर, कोल द ला रेपुब्लिकला, वेलोसिओंचे स्मारक आहे. १९४७ पासून दरवर्षी ईस्टरला त्यांच्या नावाने 'फ्लेश वेलोसिओ' ही फेरीही होते. तीन ते पाच सायकलींचा एक संघ, वेळ चोवीस तास, अंतर निदान ३६० किलोमीटर. प्रत्येक संघाने आपापल्या गावाहून निघून प्रोव्हान्सकडे यायचे असते. वाटेत रात्र पडतेच, म्हणून दिवे लागतात. माथ्यावर गारठा असतो, म्हणून गरम कपडे लागतात. आणि ते ठेवायला पिशव्या.